एकमेकांना पाण्यात पाहणारे साडू

साडू हे नातं मोठं गमतीचं. भाऊ म्हणावं तर रक्त वेगळं, मित्र म्हणावं तर निवड आपली नाही. दोन बहिणींनी आपापल्या आवडीचे दोन नग पसंत करायचे आणि त्या नगांनी जन्मभर एकमेकांकडे बघून दात काढायचे, एवढाच काय तो संबंध. या गोष्टीतले दोन साडू तर एकमेकांना अक्षरशः पाण्यात पाहत. म्हणजे खाऱ्या पाण्यात, काचेच्या टाकीत, वर दिवे आणि आत पंप लावून.

धाकट्या बहिणीचा नवरा घड्याळवाला. बाजारातल्या चिंचोळ्या गाळ्यात डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून द्यायचा. माणूस किडकिडीत, बोटं नाजूक, राग कायम नाकावर. थोरलीचा नवरा क्रेनवाला. बंदरात उंच केबिनमध्ये बसून कंटेनर उचलायचा आणि ठेवायचा. देह असा की दारातून येताना जरा तिरकं व्हावं लागे. बोलणं कमी, आणि जे बोलायचा तेही समोरच्याचं बोलून झाल्यावर.

कोरल, म्हणजे समुद्रातली जिवंत प्रवाळं, पाळायचं वेड आधी कोणाला लागलं याबद्दल दोन मतं आहेत, आणि ती दोन्ही याच दोघांची आहेत. तो वाद आपण नको उकरून काढायला. घड्याळवाल्याकडे कडक फांद्यांची कोरल होती. जांभळी, निळी, टोकाला पिवळसर. दिसायला देखणी आणि स्वभावानं महानखरेल. दिवा प्रखर हवा, पाण्याला ओढ हवी, मीठ जरा कमीजास्त झालं की बाईसाहेब रुसल्या. क्रेनवाल्याकडे सगळी मऊ, मांसल, डुलणारी जात. शिवाय गॅलेक्सिया नावाच्या जातीचं एक कोरल. ती त्याची फार लाडकी. दिवसा हिरव्या चांदण्यांचा गठ्ठा, बघत राहावं असा. पण दिवे मालवले की ही बया लांबच लांब दोरे बाहेर सोडायची आणि जो शेजारी टप्प्यात येईल त्याला डंख मारून मोकळी व्हायची.

"असलं विषारी ध्यान घरात ठेवतं का कोणी?" घड्याळवाला म्हणायचा. अर्थात बायकोजवळ. साडूच्या तोंडावर म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि साडूची छाती बघितली तर त्याला दोष देता येणार नाही.

आपापल्या घरी आपापल्या टाक्या होत्या तोवर सगळं ठीक होतं. मग ताई, म्हणजे थोरली, बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, पुढ्यात वॉकर आला. क्रेनवाल्याच्या पाळ्या कधी पहाटेच्या, कधी दुपारच्या. तिच्याकडे बघणार कोण? धाकटीनं नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. दोन्ही घरं सोडायची आणि एकच मोठं घर भाड्यानं घ्यायचं. पहिल्या मजल्यावर घर मिळालंही. खोल्या ऐसपैस, उजेड भरपूर. ताईला खुर्चीत बसवून वर चढवलं. खाली राहणाऱ्या घरमालकिणीची अट एकच होती.

"टाकी एकच ठेवायची," ती म्हणाली. "दोन ठेवल्यात तर माझ्या पलंगावर समुद्र येईल."

दोन्ही साडूंचे चेहरे असे पडले, जणू एक पोर ठेवा आणि एक देऊन टाका म्हणाली.

बैठकीच्या खोलीत वाटाघाटी झाल्या. ताई वॉकर पुढ्यात घेऊन मधोमध बसली. ठरलं असं, की टाकी क्रेनवाल्याची, कारण ती मोठी. दिवे घड्याळवाल्याचे, कारण ते भारी. वरच्या दगडांवर, पंपाच्या तोंडाशी घड्याळवाल्याची कडक मंडळी राहतील, खाली आडोशाला क्रेनवाल्याची मऊ मंडळी. या मऊ मंडळींना वाटतं तेवढं गरीब समजू नका. ती शेजाऱ्यावर डोळा ठेवून गुपचूप पाण्यात विष सोडतात. म्हणून फिल्टरमध्ये ते शोषून घ्यायला कोळशाची पिशवी, आणि ती दोघांनी आळीपाळीनं बदलायची.

"आणि साडूभाऊ," क्रेनवाला म्हणाला, "माझ्या गॅलेक्सियापासून निदान वीतभर तरी लांब ठेवा तुमचं. तिचे दोरे तेवढे पोचत नाहीत. मी पाहिलंय."

"वीतभर तर वीतभर," घड्याळवाला म्हणाला. "मोजायचं काम माझ्यावर सोडा. मोजणं हा माझा धंदा आहे."

घरातली मोजायची टेप लोखंडी, आणि लोखंड खाऱ्या पाण्यात बुडवलं की पाण्याची वाट लागते, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. तेव्हा हातानंच मोजायचं, हे ओघानं आलं. शाळेतल्या पोरांच्या दप्तरात प्लॅस्टिकची पट्टी असते हे मात्र दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. घड्याळवाल्यानं बाही वर केली, पाण्यात हात घातला, अंगठा गॅलेक्सियाच्या कडेला टेकवला, करंगळी ताणली, आणि करंगळी जिथे पोचली तिथे आपलं सगळ्यात लाडकं जांभळं कोरल चिकटवून टाकलं. क्रेनवाल्यानं वाकून बघितलंसुद्धा नाही. घड्याळवाल्याच्या मोजमापाला आपण काय नावं ठेवणार, असा त्याचा सरळ हिशेब.

आणि खरं सांगायचं तर पुढचे काही महिने छान गेले. घरमालकिणीची आत्या एकदा टाकी बघायला म्हणून वर आली. हात जोडून उभी राहिली, डोळे पाणावले तिचे. "बघा," म्हणाली, "मुके जीव, पण कसे गुण्यागोविंदानं नांदतात! माणसांनी शिकावं यांच्याकडून."

दोन्ही साडूंनी एकमेकांकडे पाहिलं. आत विष, डंख, कोंडी, अतिक्रमण, सगळं चालू होतं, फक्त सावकाश चालू होतं. पण म्हातारीला कोण सांगणार? "हो ना," दोघे एकदम म्हणाले. आयुष्यात त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

बाहेरची मंडळी मात्र खरोखर नांदत होती. धाकटी आणि ताई सकाळी चहाला बसल्या की उठायच्या नाहीत. काय बोलायच्या देव जाणे. लहानपणच्या कुठल्या तरी मास्तरणीची नक्कल एकीनं सुरू करायची, दुसरीनं पुरी करायची, आणि मग दोघींनी पोट धरून हसायचं. घड्याळवाल्याला मूलबाळ नव्हतं. जुन्या घरात नवराबायको आणि भिंतीवरची घड्याळं, एवढाच काय तो आवाज. आता गाळ्यावरून येताना जिन्यातच बायकोचं हसू कानावर पडायचं. त्याला ते आवडायचं, फार आवडायचं. पण तसं कबूल करणारा तो माणूस नव्हे. तो आत यायचा आणि "पाण्याची क्षारता बघितली का कोणी?" असं खेकसायचा.

मग एका सकाळी त्याचं जांभळं कोरल एका बाजूनं पांढरंफटक पडलेलं दिसलं. कातडी सोलल्यासारखं, आतला सांगाडा उघडा.

दिवसभर गाळ्यावर त्याचं चित्त लागेना, एकाच्या घड्याळात दुसऱ्याचा काटा बसवला. संध्याकाळी घरी येऊन त्यानं टाकीचे दिवे मालवले, थोडा वेळ जाऊ दिला आणि टॉर्च मारली. गॅलेक्सियाचे दोरे या काही महिन्यांत आणखी वाढले होते, पाण्याच्या ओढीबरोबर लांबपर्यंत गेले होते आणि जांभळ्या फांद्यांवर आरामात पसरले होते. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या.

"साडूभाऊ!" तो ओरडला. "सरकवलंत ना हे?"

क्रेनवाला नुकताच पाळीवरून आला होता, एक बूट काढून झाला होता. "काय सरकवलं?"

"ही तुमची जळू. वीतभर अंतर ठरलं होतं. मी स्वतः मोजलं होतं."

"मी हात लावलेला नाही."

"मग काय ती चालत आली?"

"ते तिलाच विचारा," क्रेनवाला म्हणाला आणि दुसऱ्या बुटाकडे वळला. तो विनोद करत नव्हता, त्याला खरंच काही सुचत नव्हतं. पण घड्याळवाल्याला वाटलं, हा आपली टिंगल करतोय.

मग जे भांडण झालं त्यात कोरल कुठल्या कुठे राहिलं. क्रेनवाल्याचं घोरणं निघालं. घड्याळवाल्यानं बाथरूम अडवून बसणं निघालं. कोळशाची पिशवी कोणी किती वेळा बदलली ते निघालं. खुद्द लग्नात कोण कोणाशी नीट बोललं नव्हतं तेही निघालं. धाकटी स्वयंपाकघरातून "अहो, पुरे" म्हणत होती, पण तिचं ऐकतो कोण! आणि शेवटी घड्याळवाला बोलू नये ते बोलला.

"एक तर तुमच्या बायकोचं दुखणं आम्ही काढतोय, आणि वर आमच्याच जिवावर उठा!"

आतल्या दारात ताई वॉकर धरून उभी होती. कधी आली होती कोण जाणे. वळायला तिला वेळ लागायचा, तेवढा वेळ घेऊन ती वळली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. क्रेनवाल्याचा चेहरा पडला. तो एक बूट हातात धरून तिच्यामागून गेला.

"ते वाक्य मागे घ्या," धाकटी म्हणाली.

"आधी त्यानं कोरल मागे घ्यावं," घड्याळवाला म्हणाला. असा हा गाढव माणूस.

दुसरा दिवस भुताच्या घरातल्यासारखा गेला. चहाला बहिणी बसल्या नाहीत. ताईनं खोलीतून बाहेर पाऊल टाकलं नाही. क्रेनवाल्यानं बंदराजवळ एक घर शोधलं आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बघायला येतो म्हणून फोनवर सांगून टाकलं. हे सगळं घड्याळवाल्याला कळलं ते बायकोकडून, आणि तेही कपड्यांच्या घड्या घालताघालता.

"मीही ताईबरोबर जाणार," ती म्हणाली. "तिला एकटीला कसं सोडू? तुम्ही टाकी सांभाळा. आता सगळी तुमचीच."

"आणि मी?"

"तुम्ही बरोबर आहात ना? मग राहा बरोबर."

घड्याळवाला हादरला. पण हादरलेला माणूस शहाणा होतोच असं नाही. त्याला वाटलं, आपली बाजू खरी आहे हे एकदा सगळ्यांसमोर दाखवून दिलं की झालं. मग बायको राहील, साडू माफी मागेल, ताई दार उघडेल. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना टाकीपुढे गोळा केलं. ताई येणार नाही असं वाटलं होतं, पण तीही आली. वॉकर पुढ्यात घेऊन मधल्या खुर्चीत बसली.

"साडूभाऊ, मोजा," घड्याळवाला म्हणाला. "तुमच्याच हातानं मोजा. मग मला खोटं म्हणू नका."

क्रेनवाल्यानं बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. पाणी काठाशी आलं. त्यानं अंगठा गॅलेक्सियाच्या कडेला टेकवला आणि पंजा उघडला. करंगळी जांभळ्या कोरलाला ओलांडून पुढच्या दगडावर जाऊन पडली.

"बघा!" घड्याळवाला नाचायचाच बाकी राहिला. "बघा सगळ्यांनी! वीत कुठाय? वीत गेली कुठे? सरकवलंय की नाही?"

क्रेनवाला आपल्या हाताकडे बघत राहिला. त्याला काही कळेना. "मी नाही हो लावला हात," तो म्हणाला. रडवेला झाला होता एवढा मोठा माणूस.

"मेहुणे," ताई म्हणाली, "आता तुमचा हात घाला."

"माझा कशाला? दिसतंय की."

"घाला म्हणते ना."

घड्याळवाल्यानं हात घातला. अंगठा टेकवला, करंगळी ताणली. करंगळी बरोबर जांभळ्या कोरलाच्या बुडाशी टेकली. ना कमी ना जास्त. पहिल्या दिवशी टेकली होती तिथेच.

मग धाकटी पुढे झाली आणि दोघांचे ओले हात धरून एकमेकांना लावले, पंजाला पंजा. घड्याळवाल्याचा अख्खा पंजा क्रेनवाल्याच्या तळव्यात बुडाला.

"अगं बाई," ती म्हणाली.

"मी वीत म्हटलं ती माझी," क्रेनवाला म्हणाला. "मला दुसऱ्याची कुठून माहीत असणार?"

घड्याळवाल्याला जमिनीनं पोटात घ्यावंसं वाटलं. आयुष्यभर केसाएवढ्या काट्याचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि मोजताना वीत कोणाची हे विचारायचं राहून गेलं. क्रेनवाल्याला मात्र केवढं हलकं वाटलं. "चला, मिटलं एकदाचं," असं म्हणून तो टॉवेल शोधायला लागला.

"काय मिटलं?" ताई म्हणाली. "टाकीतलं मिटलं तुमचं. माझं कुठे मिटलंय?"

टॉवेल शोधणारा हात थांबला.

"मेहुणे, तुम्ही म्हणालात, दुखणं आम्ही काढतोय. वीत कोणाची ते कळलं. आता 'आम्ही' म्हणजे कोण कोण, तेही मोजून टाकू." ताईचा आवाज चढलेला नव्हता. "मला अंघोळ कोण घालतं? धाकटी. पायाला मालिश कोण करतं? धाकटी. पाळीवरून आल्यावर मला फिरवतात ते हे. तुम्ही या वॉकरला कधी हात लावलात? हो, लावलात एकदा. टाकीपाशी जायला आडवा येत होता म्हणून बाजूला सरकवलात."

क्रेनवाल्याच्या तोंडून फुसकन हसू निसटलं आणि त्यानं ते खोकल्यात घालवलं. घड्याळवाल्याला हसता येईना. कारण ते खरं होतं. त्या दिवशी वॉकर सरकवला तेव्हा ताई बैठकीतल्या दिवाणावर बसून होती, आणि तो परत जागेवर ठेवायचंही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिनं हाक मारली नव्हती. धाकटी येईपर्यंत ती तशीच बसून राहिली होती. त्याला लाज वाटली. बायकोसमोर वाटते तसली नाही, एकट्यालाच वाटते तसली.

तो हात न पुसताच ताईपुढे जाऊन उभा राहिला.

"चला ताई. जिना उतरू."

"आत्ता?"

"डॉक्टरांनी जिन्याचा व्यायाम सांगितलाय ना?"

"सांगितलाय. पण मला भीती वाटते."

"मलाही वाटते," घड्याळवाला म्हणाला. "चला."

वर चढवल्या दिवसापासून ताई जिन्याकडे फिरकली नव्हती. तिनं एका हातानं कठडा धरला, दुसरा हात घड्याळवाल्याच्या खांद्यावर टाकला, आणि त्याला पहिल्याच पायरीवर कळलं की कोणाचं दुखणं काढणं म्हणजे नेमकं किती वजन असतं. ती पाय पुढे टाकायची, थांबायची, डोळे मिटायची. तो "हां, आता दुसरा, आता दुसरा" असं म्हणत राहायचा. अर्ध्या जिन्यात तिचं बळ सरलं.

"बसा जरा," तो म्हणाला. दोघे पायरीवर बसले. ताईला घाम फुटला होता, त्यालाही.

"आज संध्याकाळी ते घर बघायला जायचंय," ताई म्हणाली.

"ठाऊक आहे."

"तिथे तळमजला आहे. जिनाच नाही."

घड्याळवाल्यानं खालच्या दाराकडे पाहिलं. त्याला नीट बोलायचं होतं, माफीचं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"जाऊ नका, ताई. तुम्ही गेलात की तीही जाईल, आणि उद्या परत आली तरी माझ्याशी भांडणार नाही. जेवायला वाढेल, बोलेल, सगळं करेल. पण हसणार नाही. आमच्या जुन्या घरात ती हसत नव्हती. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा आहे." त्यानं ओले हात गुडघ्यांवर पुसले. "दुखणं तुम्ही आमचं काढताय. मी मूर्खासारखा उलटं बोललो."

ताईनं पदरानं तोंड पुसलं.

"झालं बोलून? मग उठवा मला. बसवताना मोठे पुढे होतात, उठवायचं कोणी?"

त्यानं उठवायला जोर लावला. ताई तसूभर हलली नाही. पुन्हा लावला, तर तोच खाली घसरायला लागला.

"साडूभाऊ!" तो जिन्यातून ओरडला. "या हो, मला झेपत नाहीये!"

क्रेनवाला धावत आला, कोपरापर्यंत ओला. एका बगलेत त्यानं हात घातला, दुसऱ्या बगलेत घड्याळवाल्यानं, आणि दोघांनी मिळून ताईला उभं केलं. वर दारात धाकटी उभी होती.

"वर न्यायचं की खाली?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"खाली," ताई म्हणाली. "घर बघायला जायचं नाही म्हणून काय हवाही खायची नाही?"